निश्चल आज्ञावलीची जबानी : लिनक्सवरील डीबगरचा एक उपयोग

संगणकावर काम चालू असता एखादी खिडकी अकस्मात निश्चल होते. बटणे दाबली तरी दबत नाहीत, टंकलिखित अक्षरे उमटत नाहीत, आणि थोड्याच वेळात ही आज्ञावली प्रतिसाद देत नसून तिची वाट पाहावी की ती सक्तीने बंद करावी, असा प्रश्न पडद्यावर विचारला जातो. बहुतेक जण दुसरा पर्याय पत्करतात. संशोधनाच्या कामी हा पर्याय वाटतो तितका निरुपद्रवी नाही. प्रबंधाचे दोन तासांचे न साठविलेले लेखन त्या क्षणी स्मृतीत बहुधा शाबूत असते, आणि बिघाड कशामुळे झाला याचा सर्वांत विश्वसनीय पुरावाही तेथेच असतो. सक्तीच्या आज्ञेसरशी दोहोंचाही एकदमच नाश होतो. हा नाश टाळून निश्चल आज्ञावलीची जबानी कशी घ्यावी आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ती कशी वाचावी याचे विवरण प्रस्तुत लेखात करावयाचे योजिले आहे. विवेचन लिनक्स व त्यावरील जीडीबी या डीबगरपुरते मर्यादित असून वाचकास सी भाषेचा जुजबी परिचय आहे असे गृहीत धरले आहे. आज्ञांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टंकन अर्थातच रोमन लिपीत करावयाचे.

जीडीबी हा डीबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी प्रथम लिहिला. म्हणजे १९९१ मध्ये जन्मलेल्या लिनक्सपेक्षा तो पाच वर्षांनी वडील आहे. डीबगर या शब्दाचा अर्थ दोष काढणारा असा होतो खरा, परंतु वस्तुतः तो एकही दोष काढीत नाही. कर्नेलने देऊ केलेल्या ‘पीट्रेस’ नामक सोयीच्या आधारे एका प्रक्रियेस दुसरी प्रक्रिया थांबविता येते, तिची स्मृती व रजिस्टरे वाचता येतात आणि इच्छा असल्यास बदलताही येतात. डीबगरचे सारे सामर्थ्य एवढ्यातच सामावलेले आहे. आज्ञावली या क्षणी कोठे उभी आहे हे तो सांगतो. ती तेथे का उभी आहे याचा निर्णय मात्र तपासनिसाचा असतो. या दोन प्रश्नांची गल्लत झाली म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रसंग येतो, आणि तो कसा येतो हे पुढील उदाहरणात दिसेल.

डीबगर हाती घेण्यापूर्वी ‘पीएस’ या आज्ञेने प्रक्रियेची अवस्था पाहून घ्यावी. अवस्थेच्या रकान्यात ‘आर’ हे अक्षर असून प्रोसेसरचा वापर शंभर टक्क्यांच्या आसपास असेल, तर आज्ञावली निश्चल दिसत असली तरी आत अविरत धावत आहे. ‘एस’ हे अक्षर असेल तर ती कशाची तरी वाट पाहत निजलेली आहे. ‘डी’ हे अक्षर टिकून राहिल्यास प्रकरण निराळे समजावे. अशी प्रक्रिया कर्नेलच्या आत, बहुधा डिस्क अथवा जाळ्यावरील फाइल-सर्व्हर यांच्या प्रतीक्षेत अडकलेली असते. तिला डीबगरही जोडला जात नाही आणि पुष्कळदा सक्तीच्या आज्ञेचाही उपयोग होत नाही. ज्या विभागांत विद्यार्थ्यांच्या फाइली एनएफएस पद्धतीने मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवलेल्या असतात, तेथे हा अनुभव विरळा नाही. अशा वेळी काहीही न करणे हेच श्रेयस्कर होय. सर्व्हरची जोडणी ‘हार्ड’ प्रकारची असेल तर सर्व्हर पूर्ववत होताच आज्ञावली जेथे थांबली होती तेथूनच पुढे चालू लागते, आणि घाईने तिचा अंत केला नसेल तर एक अक्षरही वाया जात नाही.

अवस्था ‘एस’ किंवा ‘आर’ असेल तर निराळ्या टर्मिनलमधून ‘जीडीबी’ ही आज्ञा, तिच्यापुढे ‘-पी’ हे चिन्ह व प्रक्रियेचा क्रमांक देऊन चालवावी. येथे अनेकांस पहिलीच ठेच लागते : प्रक्रिया आपलीच असूनही परवानगी नाकारली जाते. यामागे बिघाड नसून हेतुपुरस्सर घातलेले बंधन आहे. एका आज्ञावलीवर परक्याने कबजा मिळविला तर तिने शेजारच्या आज्ञावलीच्या स्मृतीतील सांकेतिक शब्द वाचू नयेत, म्हणून उबुंटूने २०१० मध्ये हे बंधन घातले आणि २०१२ मध्ये ते ‘यामा’ या नावाने मूळ कर्नेलात आले. ते लागू असता आपण स्वतः सुरू केलेल्या वंशज प्रक्रियांनाच डीबगर जोडता येतो. प्रशासकाच्या अधिकाराने, म्हणजे ‘सुडो’च्या साहाय्याने, डीबगर चालविल्यास अडचण दूर होते. बंधन कायमचे उठविण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिलेला आढळतो. तो प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

दुसरी ठेच अधिक चमत्कारिक आहे. एक्स पद्धतीच्या पडद्यावर एखादी यादी उघडली असता आज्ञावली माऊस व कळफलक आपल्या ताब्यात घेते. नेमक्या त्याच क्षणी डीबगरने तिला थांबविले तर ताबा सोडावयास कोणी उरत नाही आणि डीबगरच्या खिडकीसह सारा पडदाच बधिर होतो. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या संगणकावरून एसएसएच पद्धतीने, अथवा कंट्रोल, आल्ट व एफ-३ या कळा एकदम दाबून उघडणाऱ्या अक्षरपटावरून काम करणे. क्यूटी या संचावर आधारलेल्या आज्ञावल्यांसाठी ‘-नोग्रॅब’ असा स्वतंत्र पर्यायच ठेवलेला आहे.

डीबगर जोडला जाताच प्रक्रिया थबकते. आता पहिले काम तपासाचे नसून जतनाचे आहे. ‘जनरेट-कोअर-फाइल’ ही आज्ञा दिली म्हणजे प्रक्रियेच्या स्मृतीची प्रतिलिपी एका फाइलीत उतरते. जीडीबीबरोबर येणारी ‘जीकोअर’ ही आज्ञाही बाहेरून हेच करते. ही फाइल शेकडो मेगाबाइटांची असू शकते, म्हणून डिस्कवर जागा आहे ना हे आधी पाहावे. प्रतिलिपी हाती आल्यावर पुढे प्रक्रियेचे काहीही झाले तरी पुरावा व मजकूर दोन्ही सुरक्षित राहतात. डीबगर जोडलेल्या प्रक्रियेतून ‘क्विट’ म्हणून बाहेर पडल्यास ती विलग होऊन जिवंत राहते. उलट डीबगरच्या आतूनच ‘रन’ म्हणून सुरू केलेली प्रक्रिया डीबगरबरोबर नष्ट होते. हा भेद विसरता कामा नये.

यानंतर मुख्य प्रश्न विचारावा. त्यासाठी ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ ही आज्ञा आहे. एका फंक्शनने दुसऱ्यास पाचारण करावे, दुसऱ्याने तिसऱ्यास, आणि प्रत्येकाने आपण कोठे परतावयाचे याची नोंद ठेवावी, अशा नोंदींची ताटांसारखी चळत प्रत्येक थ्रेडपाशी असते. तिला स्टॅक म्हणतात. वरील आज्ञेने प्रत्येक थ्रेडची चळत वरपासून खालपर्यंत छापली जाते. शून्य क्रमांकाची ओळ म्हणजे या क्षणी चालू असलेले फंक्शन. सर्वांत खालच्या बाजूस ‘मेन’ अथवा थ्रेडचा आरंभबिंदू. ओळींत नावांऐवजी नुसती प्रश्नचिन्हे दिसली तर नावांचा कोश जवळ नाही असे समजावे. वितरणसंस्था आज्ञावल्यांचा आकार लहान ठेवण्यासाठी ही नावे काढून निराळी ठेवतात. पूर्वी त्यांची गाठोडी हाताने शोधून आणावी लागत. २०१९ मध्ये ‘डीबगइन्फोडी’ ही सेवा निघाल्यापासून आणि २०२० मध्ये जीडीबीच्या दहाव्या आवृत्तीने तिचा स्वीकार केल्यापासून डीबगर ती स्वतःच जाळ्यावरून मागवितो. परवानगी विचारली असता ‘होय’ म्हणावे, एवढेच.

चळत वाचावयास शिकणाऱ्याने आधी निरोगी आज्ञावलीची चळत पाहावी असे आग्रहाने सुचवावेसे वाटते. वैद्य निरोगी नाडीवरूनच रोगट नाडी ओळखतो. खिडक्यांवर चालणाऱ्या आज्ञावलीचा मुख्य थ्रेड एका फेऱ्यात फिरत असतो : घटना यावी, तिचा परामर्श घ्यावा, पुन्हा वाट पाहावी. जीटीके या संचावरील आज्ञावली स्वस्थ असता तिच्या मुख्य थ्रेडच्या अग्रभागी ‘पोल’, त्याखाली जीलिबच्या मुख्य फेऱ्याची एकदोन फंक्शने, त्याखाली ‘जी-ॲप्लिकेशन-रन’ आणि तळाशी ‘मेन’ असा क्रम आढळतो. ‘जीडीबस’, ‘जीमेन’, ‘डीकॉन्फ वर्कर’ अशा नावांचे आणखी काही थ्रेड बहुतेक वेळा निजलेले असतात. ते संचाचे नेहमीचे सेवक असून त्यांच्याकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही.

आता एक बिघाड घेऊ. हलका खिडकी-व्यवस्थापक वापरणाऱ्यांस हा सुपरिचित आहे. जीटीकेवरील कोणतीही आज्ञावली, अगदी साधा मजकूर-संपादकसुद्धा, सुरू केल्यावर बराच वेळ दिसतच नाही. मग जणू काही झालेच नाही अशा रीतीने उघडते. घड्याळ लावून पाहिल्यास हा विलंब प्रत्येक वेळी सुमारे २५ सेकंदांचा भरतो. आज्ञावली डीबगरच्या आतूनच सुरू करून दहाव्या सेकंदास कंट्रोल व सी या कळांनी थांबविली आणि चळत पाहिली, तर वरच्या ओळींत ‘पोल’, मुख्य फेऱ्याचे फंक्शन, ‘जी-मेन-लूप-रन’ अशी नावे दिसतात. घाईचा वाचक येथेच थांबून निष्कर्ष काढतो की, आज्ञावली निरोगी असून वापरणाऱ्याचीच वाट पाहत आहे. वरच्या ओळी जवळजवळ त्याच आहेत हे खरे. भेद त्यांच्या खाली आहे. मुख्य फेऱ्याखाली येथे ‘जी-ॲप्लिकेशन-रन’ नसून डी-बसवरून निरोप पाठवून उत्तर येईपर्यंत थांबणारे, नावाच्या शेवटी ‘सिंक’ हे अक्षरयुग्म असलेले फंक्शन आहे. म्हणजे आज्ञावलीने मोठ्या फेऱ्याच्या आत एक छोटा फेरा उभा केला असून ती दुसऱ्याच कोणा प्रक्रियेच्या उत्तराची वाट पाहत आहे.

ती कोणाची वाट पाहत आहे, हाच सर्व तपासाचा कळीचा प्रश्न होय. ‘फ्रेम’ या आज्ञेने त्या ओळीवर उतरून ‘इन्फो आर्ग्ज’ असे विचारले असता निरोप कोणाच्या नावे धाडला ते कळते. येथे ते नाव ‘ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.पोर्टल.डेस्कटॉप’ असे निघते. एखादे मूल्य संकलकाने सुधारणेच्या ओघात गाळले असल्याचा शेरा मिळाल्यास एकदोन ओळी खालीवर सरकून पाहावे. तेच मूल्य दुसऱ्या फंक्शनपाशी बहुधा सापडते. २५ सेकंदांचे कोडेही येथेच सुटते, कारण डी-बसवरील निरोपाच्या उत्तरासाठी थांबण्याची रूढ मुदत तेवढीच आहे. मुदत संपली, उत्तर आले नाही, आज्ञावली आपल्या वाटेने पुढे गेली. पुढचा तपास डीबगरचा नसून ‘जर्नलसीटीएल’च्या नोंदींचा आहे. तेथे बहुधा असे दिसते की, पोर्टल नामक सेवेस कोणत्या पडद्यावर काम करावयाचे हे सांगणारी परिस्थिती-चले मिळालीच नाहीत, कारण हलक्या व्यवस्थापकाने ती सत्राच्या आरंभी पुढे पोहोचविली नव्हती. दोष ना संपादकाचा, ना जीटीकेचा. आज्ञावली पुन्हा बसविणे, तिची जुनी आवृत्ती आणणे, फार काय, सारी लिनक्स नव्याने घालणे, असे उपाय या बिघाडावर केले गेले आहेत, आणि ते सारे व्यर्थ होते.

प्रतीक्षा नेहमी परक्या प्रक्रियेचीच असते असे नाही. ती घरातलीही असू शकते. सामाईक माहितीस एका वेळी एकाच थ्रेडने हात लावावा म्हणून तिला म्यूटेक्स नावाचे कुलूप घातलेले असते. एका कारकुनाने दौत उचलून टाकाची वाट पाहावी आणि दुसऱ्याने टाक उचलून दौतीची, असा प्रकार दोन थ्रेडांत घडला म्हणजे दोघेही अनंत काळ थांबतात. अशा वेळी त्यांच्या चळतींच्या अग्रभागी कुलपासाठी थांबणारे फंक्शन दिसते. कुलूप कोणाच्या हाती आहे हे अनुमानाने ठरविण्याची आवश्यकता नाही. ग्नूच्या सी-ग्रंथालयात म्यूटेक्सच्या रचनेतच ‘ओनर’ नावाचा घटक असून त्यात कुलूपधारक थ्रेडचा क्रमांक लिहिलेला असतो. ‘इन्फो थ्रेड्स’ने मिळालेल्या क्रमांकांशी तो ताडून पाहावा. मग त्या थ्रेडची चळत पाहावी, आणि तोही कोणाची वाट पाहत असल्यास त्याच्या मागे जावे. साखळी फिरून पहिल्या थ्रेडपाशी आली तर कोंडी सिद्ध झाली.

‘आर’ अवस्थेतील, म्हणजे आत धावत असलेल्या, आज्ञावलीची रीत निराळी आहे. तिची एकच चळत पाहून काही ठरत नाही; काही सेकंदांच्या अंतराने पाचसहा वेळा थांबवून चळती जुळवाव्यात. सर्वांत समान असलेला खालचा भाग तेवढा विश्वसनीय. त्यानंतर ‘फिनिश’ ही आज्ञा पुनःपुन्हा द्यावी. तिने चालू फंक्शन पूर्ण होऊन त्याच्या पाचारकाकडे परत येता येते. ज्या फंक्शनमधून डीबगर परतच येत नाही, तेथे न संपणारा फेरा आहे.

आता जतन केलेल्या मजकुराकडे वळू. प्रथम आज्ञावलीने स्वतःहून काही नोंद ठेवली आहे काय ते पाहावे; लिब्रेऑफिससारख्या आज्ञावल्या ठरावीक अंतराने ती ठेवतात. तीनंतरचे लेखन मात्र प्रतिलिपीतूनच काढावे लागेल. यासाठी पुस्तकांतून ‘स्ट्रिंग्ज’ या आज्ञेची शिफारस केलेली असते. इंग्रजी मजकुरास ती पुरते. मराठी मजकूर मात्र तिच्या नेहमीच्या रीतीने हाती लागत नाही, कारण ती सलग चार किंवा अधिक छापण्याजोगी ॲस्की अक्षरे शोधते, आणि देवनागरीचे एकही अक्षर ॲस्कीत बसत नाही. निष्फळ शोधावरून मजकूर नष्ट झाला असे समजणे चुकीचे ठरेल. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. पहिला बाइट नेहमी २२४ व दुसरा १६४ किंवा १६५. उदाहरणार्थ, ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. जीटीकेवरील आज्ञावल्या मजकूर याच रूपात ठेवतात. त्यामुळे गमावलेल्या लेखनातील एखादा विशिष्ट शब्द घेऊन ‘ग्रेप’ला ‘-ए’ या पर्यायासह प्रतिलिपीत शोधावयास लावले की तो सापडतो. क्यूटी व लिब्रेऑफिस मात्र यूटीएफ-१६ हे रूप वापरतात. त्यात ‘क’ हा २१ व ९ अशा दोन बाइटांचा होतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा दुसरा बाइट ९ असतो. शब्दांमधील रिकाम्या जागेसाठी ३२ व ० ही जोडी येते. दुसरा बाइट ९ किंवा ० असलेल्या जोड्यांची लांब मालिका निवडून तिचे रूपांतर करणारी वीस-पंचवीस ओळींची पायथॉन आज्ञावली पदव्युत्तर विद्यार्थ्यास सहज लिहिता येईल.

मिळालेला मजकूर सलग असेल अशी अपेक्षा ठेवू नये. लिब्रेऑफिस प्रत्येक परिच्छेद स्वतंत्र ठेवते, जीटीकेचा मजकूर-संग्रह ओळीओळींच्या तुकड्यांचा असतो, आणि पूर्वी खोडलेल्या वाक्यांच्या प्रतीही स्मृतीत इतस्ततः पडलेल्या असतात. क्रम लेखकानेच लावावयाचा. खिडकी निश्चल झाल्यानंतर दाबलेल्या कळांची अक्षरे येथे सापडणार नाहीत. त्या घटना दाराबाहेरच ताटकळत राहिलेल्या असतात. डीबगरच्या ‘कॉल’ या आज्ञेने आज्ञावलीचे साठवणीचे फंक्शनच बाहेरून चालविण्याचा मोह काहींना होतो. कोंडीत सापडलेल्या प्रक्रियेत ते फंक्शनही त्याच कुलपापाशी अडकण्याचा संभव असतो, म्हणून प्रतिलिपी हाती नसता हा प्रयोग करू नये.

निश्चल न होता एकाएकी कोसळणाऱ्या आज्ञावलीविषयी थोडक्यात सांगतो. तेथे कर्नेल बहुधा ११ क्रमांकाचा संकेत देऊन प्रक्रियेचा अंत करतो आणि, व्यवस्था तशी असेल तर, प्रतिलिपी आपोआप साठविली जाते; ‘कोअरडम्पसीटीएल’ या आज्ञेने ती डीबगरमध्ये उघडता येते. येथेही कोसळण्याची जागा व दोषाची जागा एक नसते. एका फंक्शनने मोकळ्या केलेल्या स्मृतीत दुसऱ्याने लिहावे आणि त्याचे फळ तिसऱ्याने भोगावे, हा नित्याचा प्रकार आहे. त्यासाठी ‘वॉच’ या आज्ञेने विशिष्ट पत्त्यावर पहारा बसविता येतो, आणि तेथील मूल्य ज्या क्षणी बदलेल त्याच क्षणी आज्ञावली थांबते. इंटेल धाटणीच्या प्रोसेसरवर असे चारच पहारेकरी मिळतात. मोझिलामध्ये निर्माण होऊन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरआर’ या साधनाने तर एकदा नोंदलेली धाव उलट दिशेनेही चालविता येते. चुकीचे मूल्य कोणी लिहिले हे मागे मागे जाऊन पाहण्याची ही सोय ज्यांनी एकदा वापरली, ते सहसा जुन्या रीतीकडे परत जात नाहीत.

तपासाअंती दोष आज्ञावलीचाच ठरला तर तिच्या कर्त्यांस कळवावे. त्यांना सर्व थ्रेडांच्या चळती नावांसह, आज्ञावलीची व संचाची आवृत्ती आणि बिघाडापूर्वीची कृती एवढे पुरते. स्मृतीची प्रतिलिपी मात्र कोणासही पाठवू नये. तिच्यात आपला प्रबंध आहे, तसेच त्या सत्रात टंकलेले सांकेतिक शब्द, उघडलेली पत्रे व सहकाऱ्यांची अप्रकाशित निरीक्षणेही असू शकतात. मजकूर काढून झाल्यावर ती फाइल पुसून टाकावी, आणि ती मध्यवर्ती सर्व्हरवर उतरली असल्यास तेथील राखीव प्रतींतूनही काढून टाकण्यास व्यवस्थापकास सांगावे.